रक्तवाहिनीचे अस्तर आणि विश्रांत पेशी
लातूर जिल्ह्यातील हासेगावच्या ‘सेवालया’त वाढणाऱ्या एचआयव्हीबाधित मुलांना, किंवा नांदेडच्या एआरटी (एचआयव्ही-उपचार) केंद्रातून गोळ्यांची बाटली घेऊन गावी परतणाऱ्या शेतमजुराला, रक्ततपासणीत विषाणू सापडेनासा झाला तरी औषध आजन्म का घ्यावे लागते, याचे उत्तर बहुतांशी विश्रांत अवस्थेतील सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींत आहे; उपचार चालू असतानाही एचआयव्ही तेथे ठाण मांडून राहतो, हे १९९७ साली सिद्ध झाले.

वस्तुतः अशी पेशी विषाणूला सहसा दाद देत नाही, कारण त्याच्या आरएनएवरून डीएनए घडविण्यास लागणारी सामग्री तिच्यात तुटपुंजी असते. परंतु रक्तातून लसीकाग्रंथीत शिरताना ती रक्तवाहिनीच्या अस्तरावर अडखळत घरंगळते, क्षणभर चिकटते आणि दोन अस्तरपेशींच्या फटीतून अंग चोरून पलीकडे जाते. या निकट स्पर्शाचा परिणाम विलक्षण आहे. प्रयोगशाळेत अस्तरपेशींच्या सान्निध्यात ठेवलेल्या विश्रांत पेशी पूर्णतः जागृत न होताही विषाणूला बळी पडल्या. काहींत तो वाढला, काहींत सुप्त राहिला. शरीराचा नित्याचा राबता असा शत्रूच्या कामी यावा, हे मला फार गंभीर वाटते.

सुप्त विषाणूपुढे आजची औषधे हतबल आहेत; ती केवळ नव्या पेशींची लागण रोखतात. म्हणून बाधित बंधुभगिनींना विनंती, अहवाल उत्तम आला तरी गोळी एक दिवसही चुकवू नका.