खोली आधी, खोका नंतर : सबवूफरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

टीव्ही पातळ होत गेले, तसा त्यांचा आवाजही पातळ झाला. बोटभर जाडीच्या पडद्यामागे खर्ज मावत नाही, म्हणून सातारा-सांगलीकडच्या हॉलमध्ये आता टीव्हीच्या जोडीने होम थिएटरही येतं. पडद्याच्या इंचांवर दुकानात तासभर चर्चा होते. खर्ज वाजवणारा खोका, म्हणजे सबवूफर, मात्र सेटबरोबर येतो तो आणि सोफ्याशेजारी उरलेल्या जागेत बसतो. मग तक्रारी सुरू होतात. संवाद घुमतात, एका खुर्चीवर दणका बसतो आणि शेजारच्या खुर्चीवर काहीच ऐकू येत नाही, वरच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात. यातल्या बहुतेक तक्रारी वूफर बदलून जात नाहीत, कारण त्यांचं मूळ खोलीत असतं. म्हणून खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज १ : वॉटचा आकडा मोठा, म्हणजे सबवूफर ताकदीचा

वस्तुस्थिती : खोक्यावर '५००० वॉट पीएमपीओ' असं छापलेलं असेल, तर तो आकडा सोडून द्या. पीएमपीओ मोजायची कुठलीही सर्वमान्य पद्धत नाही. विचारायचं ते आरएमएस, म्हणजे अँप्लिफायर सलग किती वॉट देऊ शकतो. तेवढ्यानेही काम भागत नाही. वॉट दुप्पट केले, तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. आवाज दुपटीने मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यामुळे १०० आणि १५० वॉटमधल्या फरकासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खरा प्रश्न असा, की हा वूफर किती खाली उतरतो? माहितीपत्रकात '३० हर्ट्झ, उणे ३ डेसिबल' असं लिहिलेलं असेल, तर त्या आकड्याला वजन आहे. नुसतं '२० ते २०० हर्ट्झ' लिहून डेसिबलची मर्यादा दिलेली नसेल, तर त्यातून काहीच कळत नाही.

गैरसमज २ : लहान वूफर चपळ, मोठा वूफर सुस्त

वस्तुस्थिती : खालचा आवाज म्हणजे हवा हलवणं. तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा, तर चौपट हवा हलवावी लागते. १२ इंची शंकूचं क्षेत्रफळ ८ इंचीच्या सव्वादोन पट असतं. त्यामुळे तेच काम तो कमी हेलकाव्यात आणि कमी विकृतीत करतो. लहान खोका, खोलवर उतरणारा आवाज आणि मोठा दणका या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्यायच्या, तर तिसरी सोडावी लागते.

'सुस्त' बेस म्हणून जे ऐकू येतं, ती बहुधा खोलीत रेंगाळणारी घुमणी असते. खोक्याचा प्रकारही बघावा लागतो. बंद खोक्याच्या वूफरचा आवाज एका मर्यादेखाली हळूहळू कमी होतो. भोक असलेला, म्हणजे पोर्टवाला, त्याच्या ठरलेल्या हर्ट्झपर्यंत जोरात वाजतो आणि त्याखाली झपकन पडतो. दहा बाय दहाच्या खोलीला ८ किंवा १० इंची बंद खोका पुरतो. बारा बाय पंधराच्या हॉलला १० ते १२ इंची घ्यावा. हॉल, जेवणघर आणि जिना एकाच मोकळ्या जागेत असतील, जसं नव्या बंगल्यांत असतं, तर वूफरला ती सगळी हवा हलवायची आहे हे धरून १२ इंची पोर्टवाला किंवा दोन १० इंची बघावेत.

गैरसमज ३ : मिरवणुकीतल्या डॉल्बीसारखा छातीत बसला, तरच बेस चांगला

वस्तुस्थिती : मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींचं काम वेगळं आहे. उघड्या रस्त्यावर शेकडो लोकांपर्यंत आवाज पोहोचवायचा असतो, म्हणून त्या खोक्यांचा सगळा जोर थोडक्या पट्टीत एकवटलेला असतो. घरच्या सबवूफरला सगळ्या खालच्या पट्ट्या सारख्या वाजवता आल्या पाहिजेत. त्यातली एकच पट्टी उसळली, तर पहिल्या पाच मिनिटांत मजा वाटते आणि अर्ध्या तासात डोकं धरतं.

याची उत्तम कसोटी आपल्याच भागात आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पुरुष गायकाचा तंबोरा काळी एकला लावला, तर जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झला आणि खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. ८० हर्ट्झखालचं काम सबवूफरकडे असेल, तर खर्जाचा मूळ स्वर त्याच्याकडे जातो आणि जोडी पुढच्या स्पीकरमधून येते. तंबोऱ्याचं एखादं चांगलं ध्वनिमुद्रण लावा. चारही तारा एकाच वाद्यातून, समोरून आल्यासारख्या वाटल्या, तर मांडणी जमली. खर्ज कोपऱ्यातून वेगळा येत असेल किंवा इतर तारांपेक्षा फुगलेला असेल, तर काम बाकी आहे. सिनेमातले स्फोट आणि भूकंप मात्र ३० हर्ट्झच्याही खाली जातात. त्यासाठीच वूफर किती खाली उतरतो हे विचारायचं.

गैरसमज ४ : खालच्या आवाजाला दिशा नसते, म्हणून खोका कुठेही ठेवा

वस्तुस्थिती : यातलं पहिलं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. साधारण ८० हर्ट्झखालचा आवाज कुठून येतो, हे कानाला नीट कळत नाही. दुसरं वाक्य मात्र पूर्ण चुकीचं आहे आणि बहुतेक घरांत सगळा घोटाळा इथेच होतो.

४० हर्ट्झची ध्वनिलहर साडेआठ मीटरहून लांब असते, म्हणजे आपल्या हॉलपेक्षा मोठी. ती दोन भिंतींमध्ये मागेपुढे आपटते आणि काही ठिकाणी साचते, काही ठिकाणी स्वतःलाच खोडते. बारा फुटांच्या अंतरात हा खेळ सुमारे ४७ हर्ट्झला होतो, पंधरा फुटांत सुमारे ३८ हर्ट्झला. त्या आवाजाला भिंतीलगत सर्वांत जास्त दाब असतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ काहीच नसतो. म्हणून मध्यावरच्या खुर्चीत बेस गायब होतो आणि भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर तोच बेस अंगावर येतो.

दहा बाय दहाची खोली आणि वर दहा फुटांवर स्लॅब, अशी खोली आपल्याकडे घरोघर असते. तिथे लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींची घुमणी एकाच जागी, ५६-५७ हर्ट्झला, एकावर एक चढते. अशा खोलीत महागडा वूफरही 'एकसुरी' वाजतो. शक्य असेल, तर होम थिएटरसाठी चौरस खोलीऐवजी लांबट खोली निवडा.

भिंतींचाही फरक पडतो. इंटरनेटवरचे बरेच सल्ले अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या आणि जिप्सम बोर्डच्या घरांवरून आलेले असतात. त्या भिंती लवतात आणि बराच बेस गिळतात किंवा बाहेर सोडतात. आपल्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती तो आत परत पाठवतात. त्यामुळे इथे लहान वूफरही पुरेसा जोर देतो, पण घुमणी जास्त तीव्र असते. वाईच्या किंवा सांगलीच्या जुन्या वाड्यात माडीवर फळ्यांची जमीन असेल, तर ती स्वतःच थरथरते. तिथे खोक्याखाली जाड रबरी पाय द्यावेत. पत्र्याचं छप्पर, शोकेसच्या काचा, मांडणीवरची भांडी आणि खिडकीची सैल झडप ही सगळी बेसबरोबर वाजतात. कानाला ती खडखड वूफरचीच वाटते.

कोपऱ्यात ठेवलं की आवाज मोठा होतो, हे खरं. पण तिथे खोलीतली प्रत्येक घुमणी जागी होते. मग जागा शोधायची कशी? सबवूफर तात्पुरता तुमच्या बसायच्या जागी ठेवा. खालचे स्वर ओळीने येणारं एखादं गाणं किंवा २० ते १०० हर्ट्झचा सरकता टोन लावा. मग जिथे जिथे वूफर ठेवणं शक्य आहे तिथे जमिनीजवळ कान नेऊन ऐका. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील, तिथे वूफर ठेवा आणि तुम्ही आपल्या जागी बसा. ऐकणारा आणि वाजवणारा यांची अदलाबदल केली, तरी खोलीचा परिणाम तोच राहतो. त्यामुळे ही युक्ती अचूक चालते. सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढता आला, तर तेवढ्यानेही फरक पडतो.

कुटुंबातल्या सगळ्यांना सारखा बेस हवा असेल, तर एका मोठ्या वूफरपेक्षा दोन मध्यम वूफर चांगले. हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर, किती सबवूफर पुरेसे, शोधनिबंध मांडला होता. आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन वूफर ठेवले, की एक ज्या घुमणीला ढकलतो तिला दुसरा रोखतो आणि खुर्चीखुर्चीतला फरक कमी होतो.

गैरसमज ५ : भिंतीला फोम किंवा अंड्यांचे ट्रे लावले, की घुमणी थांबते

वस्तुस्थिती : दोन इंची फोम टाळीचा प्रतिध्वनी आणि संवादातली किणकिण कमी करतो. ५० हर्ट्झला तो दिसतसुद्धा नाही, कारण त्या लहरीचा चौथा भागच सुमारे पावणेदोन मीटर असतो. बेस गिळायला कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत जाड रॉकवूल लागतं. अंड्यांच्या ट्रेने बेसचं काहीच होत नाही, पण आगीचा धोका मात्र वाढतो. आधी जागा बदला, ती फुकट आहे.

गैरसमज ६ : ५.१ जोडलं, की सबवूफर आपोआप जमतो

वस्तुस्थिती : ५.१ मधला '.१' हा स्फोटांसारख्या खास परिणामांचा वेगळा ट्रॅक आहे, तो १२० हर्ट्झपर्यंतच जातो. बाकीच्या पाच ट्रॅकमध्येही बेस असतो. तो लहान स्पीकरना न देता सबवूफरकडे वळवायचा की नाही, हे रिसीव्हरमध्ये सांगावं लागतं. त्यासाठी स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झपासून सुरू करा. फार छोटे स्पीकर असतील, तर १०० ते १२० लागेल. मग मात्र वूफर टीव्हीजवळच हवा, कारण तेवढ्या वरच्या आवाजाची दिशा कानाला कळते.

हे काम रिसीव्हर करतो, म्हणून वूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत फिरवा किंवा 'एलएफई'वर ठेवा. दोघांनी एकच काम केलं, तर ८० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. फेजचं बटण ० आणि १८० करून पाहा आणि बसायच्या जागी ८० हर्ट्झचा टोन ज्यात भरदार येईल ते ठेवा. रिसीव्हरची आपोआप मोजणी चालू असताना त्याचा माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, स्टँडवर कानाच्या उंचीला ठेवा. मोजणीनंतर वूफरचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दिसलं, तर ते दुरुस्त करू नका. वूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला उशीर होतो आणि रिसीव्हर तो अंतरात धरतो.

गैरसमज ७ : गुणगुण येते, म्हणजे वूफर खराब, अर्थिंगची पिन काढली की झालं

वस्तुस्थिती : सतत येणारी 'हूं' ५० किंवा १०० हर्ट्झची असते आणि बहुधा दोन ठिकाणांहून मिळालेल्या अर्थिंगमुळे येते. केबल टीव्हीची वायर काढून बघा. गुणगुण थांबली, तर चोर सापडला. टीव्ही, रिसीव्हर आणि वूफर शक्यतो एकाच बोर्डवर घ्या, केबलच्या वायरला आयसोलेटर लावा. अर्थिंगची पिन कधीही काढू नका. २३० व्होल्टच्या धातूच्या खोक्यात बिघाड झाला, तर तीच पिन जीव वाचवते. घराचं अर्थिंग जुनं असेल, तर वायरमनकडून तपासून घ्या. वळवाच्या विजा कडाडू लागल्या, की प्लग काढून ठेवा.

दमटपणाही लक्षात घ्या. बहुतेक खोके एमडीएफचे असतात आणि ते पाणी लागलं की फुगतात. पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून वूफर लांब ठेवा. सांगलीत नदीकाठी राहत असाल, तर पुरामुळे तळमजल्यावरचं सामान उचलायची वेळ येते तेव्हा जमिनीवरचा हा खोका पहिल्यांदा वर न्या.

गैरसमज ८ : मीटरवर आवाज कमी दिसतो, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नाही

वस्तुस्थिती : २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. घरातल्या खासगी यंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर यापेक्षा ५ डेसिबलहून जास्त वाढू नये, असंही त्यात आहे. पण ही मोजणी 'ए' मापाने होते आणि ते माप ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबलने कमी धरतं. म्हणजे मीटर समाधानी असतो, तेव्हाही वरच्या खोलीतल्या आजारी माणसाची झोप उडालेली असू शकते. खालचा आवाज पडद्यांनी किंवा गालिच्यांनी अडत नाही. रात्री रिसीव्हरचा नाइट मोड लावा, वूफर दोन-तीन डेसिबल उतरवा आणि मजल्यावरच्या लोकांना एकदा विचारून घ्या.

खरेदीला निघण्यापूर्वी खोलीची लांबी, रुंदी आणि उंची कागदावर लिहून न्या, आणि बसायची जागा ठरवून जा. दुकानातल्या मोकळ्या दालनात ऐकलेला दणका तुमच्या खोलीविषयी काही सांगत नाही. घरी ऐकून परत देता येईल असं दुकान मिळालं, तर तेच निवडा. खोका घरी आल्यावर जागा शोधायला आणि सेटिंगला एक सबंध संध्याकाळ द्या. वूफर जमला, की तो वेगळा ऐकू येत नाही आणि सिनेमातलं प्रत्येक वाक्य स्वच्छ कळतं. पैसे खर्च करून मिळवायचं ते हेच, आणि त्यातला मोठा वाटा फुकटच्या मेहनतीचा असतो.