पोचिंकीची शीव आणि धरणगावची पांढरी

दिवेलागणीच्या सुमारास धरणगावच्या एखाद्या गल्लीतून जाताना ओट्यावर चार-पाच पोरे माना खाली घालून, हातातल्या मोबाइलवर बोटे नाचवीत बसलेली हमखास दिसतात, आणि त्यांतल्या एखाद्याच्या तोंडून ‘पोचिंकीत उतर भो, तिकडं नको जाऊ’ असा उद्गार निघतो. तो प्रथम कानी पडला तेव्हा एरंडोल, पारोळा, अमळनेर, चोपडा या साऱ्या पेठा तोंडपाठ असलेल्या मला, हे कोणत्या तालुक्यातले मौजे, असा प्रश्न पडला होता. चौकशीअंती उलगडा झाला तो असा की, २ जुलै २०२१ रोजी भारतात आलेल्या ‘बीजीएमआय’ नामक खेळात एरँगल नावाचे एक बेट आहे. ते आठ किलोमीटर लांब आणि तितकेच रुंद. शंभर खेळाडू विमानातून हवाई छत्रीने त्यावर उतरतात आणि शेवटचा एक जण किंवा एक चमू उरेपर्यंत परस्परांशी झुंजतात. त्या बेटाच्या मध्याजवळचे गाव म्हणजे पोचिंकी. बेटाचे नाव, ‘बीजीएमआय’ ज्या मूळ खेळावरून निघाला त्याचा कर्ता ब्रेंडन ग्रीन याने आपल्या मुलीच्या, एरिनच्या, नावावरून ठेवले आहे. लेकीच्या नावे बेट करून देणारा हा बाप दानपत्रांच्या इतिहासात निराळाच म्हटला पाहिजे.

आपण ज्याला नकाशा म्हणतो त्याहून या पोरांचा ‘मॅप’ भिन्न आहे. तहसील कचेरीतला नकाशा स्थळाचे केवळ निदर्शन करतो. खेळातला मॅप हे स्वतःच स्थळ असते. जमिनीचा प्रत्येक चढउतार, प्रत्येक भिंत, प्रत्येक दाराची उंची, कोणत्या वस्तूतून गोळी आरपार जावी आणि कोणत्या वस्तूवर आदळावी याचा निर्णय, हे सारे त्यात अंकरूपाने नोंदलेले असते. असे गाव खेळाडूच्या यंत्रात आधीच साठवून ठेवलेले असल्यामुळे, आंतरजालावरून ये-जा करतात ती केवळ वर्दीची टिपणे: अमका अमुक ठिकाणी आहे, अमुक दिशेला वळला, त्याने गोळी झाडली. ही टिपणे सेकंदाला अनेकदा ‘सर्व्हर’ या मध्यवर्ती संगणकाकडे रुजू होतात, आणि तो जुन्या मामलेदाराप्रमाणे उभय पक्षांचे जबाब पाहून मेला कोण व वाचला कोण याचा फैसला देतो. ज्याचा जबाब उशिरा पोहोचतो तो हरतो, आणि मग ओट्यावरून ‘लॅग मारला’ अशी जी हताश आरोळी उठते तिचा अर्थ एवढाच.

मॅप रचणारा माणूस गावाकडे ज्या दृष्टीने पाहतो ती दृष्टी ना कवीची, ना रहिवाशाची. असलीच तर थोडीफार मोजणीदाराची. सरळ लांब गल्ली म्हणजे त्याच्या लेखी दूरवरून नेम धरण्याची जागा, म्हणून तो तिच्यात मध्येच एखादी मोडकी बैलगाडी आडवी घालतो; विहिरीचा कठडा म्हणजे दडण्याची सोय; देवळाचे शिखर म्हणजे टेहळणीचा बुरूज. प्रथम तो सारे गाव नुसत्या करड्या ठोकळ्यांनी उभारतो, त्यात माणसे खेळवून पाहतो, एका बाजूला अन्यायकारक सरशी मिळते आहे असे आढळले तर घरेच्या घरे सरकवतो, आणि मगच त्यांवर माती, चुना, शेवाळ यांचा साज चढवितो. खरेदीखतात जशी चतुःसीमा लिहावी लागते तशी ती येथेही लागतेच. फरक इतकाच की, खतातल्या सीमेपलीकडे शेजाऱ्याचे शेत असते, आणि मॅपच्या सीमेपलीकडे काहीच नसते.

कल्पित गावाच्या बाबतीत हे सारे निर्वेधपणे चालते. प्रश्न उत्पन्न होतो तो खरे, इतिहासात नांदलेले गाव खेळात घेताना. ‘हेल लेट लूज’ या २०२१ साली पूर्णत्वास गेलेल्या खेळात पन्नास विरुद्ध पन्नास खेळाडू दुसऱ्या महायुद्धातील रणांगणांवर लढतात, आणि ही रणांगणे जुन्या हवाई छायाचित्रांच्या आधारे मूळ प्रमाणात रचल्याचा त्याच्या कर्त्यांचा लौकिक आहे. त्यांत फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातले सेंट-मेर-एग्लीज हे गाव आहे. ५ व ६ जून १९४४ यांच्या मधल्या रात्री त्या गावच्या चौकालगतच्या एका घराला आग लागली. चर्चची घंटा धोक्याचा इशारा म्हणून वाजू लागली. गावचा नगराध्यक्ष आलेक्सांद्र रनो, जो पेशाने औषधविक्रेता होता, त्याच्यासह गावकरी रांग धरून पाण्याच्या बादल्या पुढे सरकवू लागले. आणि नेमक्या त्याच वेळी, त्या ज्वाळांच्या उजेडात, अमेरिकन छत्रीधारी सैनिक त्यांच्या डोक्यांवर उतरू लागले. जॉन स्टील नावाच्या सैनिकाची छत्री चर्चच्या मनोऱ्याला अडकली आणि खाली लढाई चाललेली असताना तो वर लोंबकळत राहिला. त्याचा पुतळा आजही त्या मनोऱ्यावर टांगलेला आहे.

खेळातल्या गावात चर्च आहे, मनोरा आहे, चौक आहे. बादलीवाले मात्र नाहीत.

यात निव्वळ हृदयशून्यता आहे असे मी म्हणणार नाही. निःशस्त्र माणसे मॅपवर ठेवली तर खेळाडू त्यांच्यावरही गोळ्या झाडणार, आणि ते दृश्य कोणत्या खेळकर्त्याला हवे असेल? शिवाय हलणारे प्रत्येक जादा माणूस म्हणजे सर्व्हरवर जादा भार. कारणे मान्य केली तरी परिणाम टळत नाही: गाव हुबेहूब उतरते आणि त्यातला रहिवासी गहाळ होतो. आपल्या जुन्या परिभाषेत वस्तीच्या जागेला पांढरी आणि पिकाच्या जमिनीला काळी म्हणत, आणि पांढरी म्हटली की तिच्यात नांदती माणसे गृहीतच असत. या मॅपला मी पांढरी म्हणणार नाही.

आता धरणगावच घ्या. १६७४ साली इंग्रजांनी येथे वखार घातली, कारण खानदेशच्या सुती कापडाला सुरतेच्या बंदरातून मागणी होती. पुढच्याच वर्षी मराठ्यांच्या फौजेने गाव व वखार लुटली; १६७९ साली पुन्हा लूट झाली; १६८५ साली संभाजीराजांच्या सैन्याने ते जाळले. (आमची पोरे खेळात ‘लूट गोळा कर’ म्हणतात, आणि तो शब्द इंग्रजी आहे अशी त्यांची समजूत असते, वस्तुतः तो इंग्रजांनीच हिंदुस्थानातून नेला.) पुढे १८२५ साली औट्रम साहेबाने भिल्लांची पलटण उभारली तीही येथेच. मॅपकाराला याहून अधिक मजकूर लागावा कशाला? तशात खानदेशची घरे धाब्याची: मातीची सपाट छपरे, एकाला एक लागून, वरून पांढरी खारी माती पसरलेली, आणि उन्हाळ्यात सारी आळी झोपायला वर. गल्लीच्या एका टोकाला धाब्यावर चढलेला पोरगा दुसऱ्या टोकाला उतरू शकत असे. खालची वाट निराळी, वरची वाट निराळी, अशी ही दुपदरी रचना कोणत्याही मॅपकाराने शोधून काढावी अशी आहे, आणि ती आमच्या गवंड्यांनी लढाईचा विचारही न करता निर्माण केली.

परंतु त्या मॅपवर घोडेस्वार एकीकडे, वखारीचे शिपाई दुसरीकडे, अशी मांडणी करून विणकर आणि रंगारी वगळले, तर वखार येथे का आली हेच खेळणाऱ्याला कळणार नाही. आणि ज्या गावात १८९० साली बालकवी जन्मले त्या गावात गोळीबार थांबल्यावर पाखरे तरी ऐकू यावीत, एवढी अपेक्षा अवाजवी नसावी.

हे अशक्य नाही. ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ या खेळाच्या कर्त्यांनी २०१८ साली त्यातला सारा प्राचीन मिसर देश झुंज काढून टाकून, केवळ हिंडून पाहण्यासाठी खुला केला. तेथे लोक कामे करीत असतात आणि खेळणारा त्यांच्यामधून वाट काढीत जातो. अंगी कसब असणारे लोक आपल्याकडेही आहेत: पुण्याच्या सुपरगेमिंग या संस्थेने २०२४ साली ‘इंडस’ हा बहुखेळाडू खेळ बाजारात आणला, मात्र त्याची भूमी कल्पित व भविष्यकालीन आहे. वास्तव गाव उभारायचे तर साधनसामग्री हवी. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते, पण ड्रोनला धाबे वरून दिसते, त्याखालचे घर दिसत नाही. आणि दरवर्षी काही धाबी उतरून त्या जागी स्लॅब पडतो.

म्हणून खानदेशातल्या ज्या वाचकांचे धाब्याचे घर अजून शाबूत आहे त्यांना विनंती की, पाऊस लागण्यापूर्वी एक वही घ्यावी. घर किती खणांचे, ओटा किती हात उंच, दार किती रुंद, धाब्यावर जायचा जिना कोणत्या कोपऱ्यात, हे मोजून लिहून ठेवावे. आणि त्याखालीच, कोणत्या खणात कोण काय करीत बसत असे, तेही.