संशोधनासाठी दान आणि मुक्या प्राण्यांचा प्रश्न

दोन वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वाच्या दिवसांत एक वयोवृद्ध व्यापारी बस्तीतून परतताना माझ्या दवाखान्यात आले. पत्नी कर्करोगाने गेली होती. तिच्या नावे एका संशोधन संस्थेला देणगी द्यायची होती, आणि मुलाने सांगितले होते की तिथे उंदरांवर प्रयोग होतात. "डॉक्टर, हे पुण्य की पाप, तेवढं सांगा." मी चहा मागवला, कारण उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते.

वैद्यकीय दान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खाटा, औषधे, धर्मशाळा येतात. संशोधनासाठी वर्गणी ही पद्धत पाश्चात्त्य देशांत अधिक रुजली. कॅन्सर रिसर्च यूके किंवा ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या संस्था लोकांच्या देणग्यांवर चालतात, त्यांतून प्राण्यांवरील काही प्रयोगांनाही पैसा देतात आणि ते उघड सांगतात.

पण ज्या प्रकरणात आपण भारतीयही गुंतलो आहोत, ते अमेरिकेतले. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे पाय पोलिओने गेले होते. त्यांनी १९३८ साली या रोगाविरुद्ध संस्था उभी केली. लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवली. तिला ‘मार्च ऑफ डाइम्स’ म्हणू लागले. त्या नाण्यांतून साल्क आणि सेबिन या दोघांच्याही लशींचे काम झाले. विषाणू वाढवायला माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशी लागत, लस तपासायलाही माकडेच लागत, आणि ही रीसस माकडे मोठ्या संख्येने भारतातून जात. जानेवारी १९५५ मध्ये लंडनच्या विमानतळावर अशी जवळजवळ चारशे माकडे गाडीत गुदमरून मेली. आपल्या सरकारने निर्यात काही काळ थांबवली, मग अटी घालून पुन्हा सुरू केली. त्याच वर्षी १२ एप्रिलला साल्कची लस यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. निर्यात पुरती बंद झाली ती १९७८ साली, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना.

पुढे सेबिनच्या लशीचे दोन थेंब आपल्या मुला-नातवंडांच्या तोंडात पडले. बूथवर बसून मीही ते पाजले आहेत. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला.

आमच्या जैन शास्त्रात हिंसा तीन वाटांनी लागते: कृत, कारित आणि अनुमोदित. म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केली तिला मान डोलावलेली. देणगीदार सुरी हातात धरत नाही. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाटेवर उभा असतो. झालेल्या प्रयोगाचे फळ घेणे आणि पुढच्या प्रयोगासाठी पैसे मोजणे यांत मला फरक दिसतो. मात्र फळ खाऊन हात झटकणेही बरे नव्हे.

होमिओपॅथीत औषधाची परीक्षा निरोगी माणसांवर होते. हानेमान यांनी १७९० साली सिंकोना स्वतः घेऊन पाहिली. हे सांगताना मला अभिमान वाटतो. पण पोलिओ आम्ही थोपवला नाही. मधुमेही रोग्याला इन्सुलिन सोडा असेही मी कधी म्हटलेले नाही, आणि ते १९२१ साली टोरांटोत कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हाती आले.

मग देणाऱ्याने करावे काय? रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली तीन कसोट्या मांडल्या: प्राण्याऐवजी दुसरा मार्ग आहे का, संख्या कमी होईल का, वेदना कमी करता येतील का. हेच प्रश्न देणगीदार पत्राने विचारू शकतो. आपली रक्कम ‘फक्त रुग्णसेवेसाठी’ असे लिहून देता येते. पण त्यात एक खोच आहे. तुमच्या पैशाने खाटा आल्या, तर संस्थेचा तेवढा पैसा प्रयोगशाळेसाठी मोकळा होतो. म्हणून संस्थेचे धोरण आधी विचारावे.

त्या गृहस्थांनी पत्र पाठवले. महिन्याने उत्तर आले, ते मोघम होते. शेवटी त्यांनी ती रक्कम रुग्णांच्या नातेवाइकांच्या निवासासाठी दिली. मी त्यांना म्हटले, "अजून एक पत्र लिहून बघायचं होतं."

"अहो, ऐंशी उलटली माझी," ते म्हणाले. "ते पत्र आता तुम्ही लिहा."

मी लिहिले आहे. उत्तराची वाट पाहतो आहे.