मागुराचं बीज महाग का?

अलिबागच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा पाळायची रीत जुनी. मग तळ्यात मागूर का नको? चिवट मासा आहे. कल्ल्यांच्या वर झाडासारख्या फांद्या फुटलेलं खास इंद्रिय असतं, त्यामुळे तो हवेतूनही श्वास घेतो आणि आटलेल्या डबक्यातही तगतो.

अडतं ते बीजापाशी, म्हणजे पिल्लांपाशी. मादीला संप्रेरकाचं इंजेक्शन दिलं की पोट हलकेच दाबून अंडी काढता येतात. नराचं वीर्य मात्र असं निघत नाही. त्याला मारून वृषण काढायचे, कुस्करायचे आणि ते अंड्यांवर घालायचे! पिल्लं साधारण दिवसभरात बाहेर येतात. खरी कसोटी दहा-बारा दिवसांनी, हवेतला श्वास सुरू होताना. तेव्हा मरतूक वाढते, म्हणूनच बीज महाग पडतं. वर-खाली करताना पिल्लं दमू नयेत म्हणून पाणी उथळ ठेवतात.

पुढे तळ्यात दाटी झाली की एरोमोनास जिवाणू अंगावर जखमा करतात. माझ्या मते औषधं ओतण्याआधी मासे विरळ करावेत.

आणि हे सगळं देशी मागुराबद्दल; ‘थाई मागूर’ वेगळा, मुळात आफ्रिकेतला, देशी मासे फस्त करणारा. त्याच्या पालनावर २००० सालापासून देशात बंदी आहे. झपाट्यानं वाढतो, म्हणून तरीही तो चोरून पाळला जातो.