राऊंड संपल्यावर येणारा माणूस

ऑफिसात कुणालाही विचारून बघा, "हॉस्पिटलमध्ये नोकऱ्या कुठल्या कुठल्या असतात?" डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, लॅबवाला, बिलिंगवाला, झालंच तर रिसेप्शनवरची हसतमुख मुलगी. गाडी इथे थांबते. आता त्याला सांगा, की काही लोक हॉस्पिटलचा पगार घेतात तो पेशंटच्या शेजारी खुर्ची ओढून बसण्याचा. ना स्टेथोस्कोप, ना सुई, ना गोळी. पेशंट म्हणाला, "मला मरायची भीती वाटते," तर "छे छे, असं काय बोलता!" न म्हणता ते ऐकून घेण्याचा. तुमच्या मित्राचा पहिला प्रश्न असेल, "पॅकेज काय?" आणि दुसरा, "पण हे काम आहे?"

आहे. इंग्रजीत अशा माणसाला चॅप्लेन म्हणतात. (चार्लीशी काही संबंध नाही, हा विनोद मीच आधी करून टाकते.) मूळ शब्द चर्चमधला, पण आज ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये ख्रिस्ती पाद्र्यांबरोबर हिंदू, मुस्लिम, शीख आणि चक्क देव न मानणारे चॅप्लेनही काम करतात. त्यांच्या खात्याला नाव आहे स्पिरिच्युअल केअर. मराठीत आध्यात्मिक आधार म्हणता येईल, पण अध्यात्म म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचे बाबा येतात. प्रकरण तसं नाही.

मी सानपाड्याची. आमच्या नोडची गंमत अशी, की एका बाजूला वाशी, दुसऱ्या बाजूला जुईनगर-नेरूळ, आणि दोन्हीकडे हॉस्पिटलंच हॉस्पिटलं. सोसायटीत कुणी आजारी पडलं, की रिक्षावाल्याला फक्त 'डावीकडे' की 'उजवीकडे' एवढंच सांगायचं. पुढे खारघरला टाटाचं अॅक्ट्रेक. त्यामुळे सकाळच्या पनवेल गाडीत लॅपटॉपच्या बॅगांमध्ये एखादं एक्स-रेचं मोठं पाकीट दिसतंच. उपचारांची आपल्याकडे कमतरता नाही हो. प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला २०१९मध्ये कळला.

माझी आत्या तेरा दिवस नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत होती. नाव सांगत नाही, कारण दुसरीकडे काही वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही. उपचार चोख होते. आत्या वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. मानेतून सेंट्रल लाइन टाकायची म्हणून माळ काढली, झिपच्या पाकिटात घातली आणि 'मौल्यवान वस्तू' म्हणून माझ्या भावाची सही घेऊन त्याच्या हातात दिली. नियमाप्रमाणे सगळं बरोबर. आत्या मात्र शुद्धीत असेपर्यंत दर भेटीला एकच विचारायची, "माझी माळ कुठाय?" आणि मग, "मी देवाचं काय घोडं मारलं होतं?" हा प्रश्न तिने सिस्टरना विचारला, फिजिओथेरपीवाल्या मुलाला विचारला, डॉक्टरांनाही विचारला. सिस्टर म्हणाल्या, "रडू नका आजी, बीपी वाढेल." डॉक्टर म्हणाले, "पॉझिटिव्ह राहा." ते रोज बाहेर येऊन आम्हाला चार मिनिटं द्यायचे, त्यात क्रिएटिनिन असायचं, ऑक्सिजनचा आकडा असायचा. त्यांच्याकडे आणखी तेरा पेशंट होते, मी त्यांना दोष देणार नाही.

एक दिवस कुणी एक गृहस्थ पुस्तिका घेऊन आत शिरले, न विचारता आत्याच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करू लागले. कुठल्या धर्माचे ते जाऊ दे. असे उत्साही लोक सगळ्यांकडेच असतात. आत्याने मान फिरवली. तिला हात हलवता येत नव्हता, मान तेवढी फिरवता येत होती.

माळेचा प्रश्न सुटला तो रात्रपाळीच्या मावशींमुळे. त्यांनी भावाकडून पाकीट मागून घेतलं, सिस्टरना विचारलं आणि जिथे सुई नव्हती त्या मनगटाला माळ दोन वेढे देऊन बांधली. दोन मिनिटांचं काम. आठ दिवस ते कुणाचंच नव्हतं.

मावशींसारखी माणसं नशिबाने भेटतात. पण शंभर पेशंटच्या हॉस्पिटलात ते नशिबावर न सोडता रीतसर शिकवता येईल का? माझं कुतूहल इथून सुरू झालं.

शिकवलं कुणी?

अॅन्टन बॉयसन नावाचे एक अमेरिकन पाद्री होते. १९२०मध्ये त्यांना जबर मानसिक आजार झाला आणि मनोरुग्णालयात दाखल व्हावं लागलं. आत पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं, की धर्मशास्त्राच्या शाळेत माणसाच्या दुःखाबद्दल सगळं पुस्तकातून शिकवतात, प्रत्यक्ष दुःखी माणूस काही दाखवत नाहीत. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयातच चॅप्लेन झाले, आणि १९२५च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राचे काही विद्यार्थी वॉर्डात आणले. पुस्तक बंद, पेशंट समोर. या शिक्षणाला पुढे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, म्हणजे सीपीई, असं नाव पडलं. बॉयसनना पाठिंबा देणारे होते बॉस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आज सीपीईचं एक युनिट म्हणजे किमान ४०० तास. अमेरिकेत प्रमाणपत्रधारक चॅप्लेन व्हायचं तर अशी चार युनिटं, म्हणजे १६०० तास, शिवाय पदव्युत्तर पदवी, आणि वर समितीपुढे मुलाखत. नुसतं 'माझा स्वभाव प्रेमळ आहे' म्हणून भागत नाही.

यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे व्हर्बेटिम. पेशंटशी बोलून आलं, की शिकाऊ चॅप्लेनने तो संवाद आठवून शब्दन् शब्द लिहायचा. तो म्हणाला, मी म्हणालो, तो गप्प बसला, मी घड्याळ बघितलं. मग गटात बसून बाकीचे आणि शिकवणारे त्याची चिरफाड करतात. आपल्या अप्रेझल मीटिंगपेक्षा भयंकर! समजा, माझ्या आत्याचं वाक्य कागदावर आहे, 'मी देवाचं काय घोडं मारलं होतं?' शिकाऊ माणसाने उत्तर दिलं, 'देव परीक्षा बघतो.' गट विचारणार, हे तू तिच्यासाठी बोललास की तुला सुटका हवी होती म्हणून? ती प्रश्न विचारत होती, की तक्रार करत होती? तक्रार असेल तर ती तक्रार म्हणून ऐकायला काय हरकत? 'देवावर रागावलात का?' एवढं विचारलं असतं तर कदाचित ती पुढे बोलली असती. साठ वर्षं ज्याला हाक मारली त्याच्यावर रागवायचा तिला हक्क होता, आणि त्या खोलीत ते म्हणू देणारं कुणी नव्हतं.

दुसरं नाव डॉ. सिसिली सॉन्डर्स यांचं. बाई आधी नर्स, मग हॉस्पिटलातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर. १९६७मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. दुखणं फक्त शरीराचं नसतं, त्यात मनाचं, घरच्यांच्या काळजीचं आणि 'माझ्या जगण्याला अर्थ काय' याचंही दुखणं मिसळलेलं असतं, हे त्यांनी डॉक्टरांच्या गळी उतरवलं. २००२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पॅलिएटिव्ह केअरची व्याख्या केली, तेव्हा त्यात आध्यात्मिक त्रासाचाही उल्लेख आला.

आणि आपल्याकडे?

मिशन हॉस्पिटलांमध्ये हे काम जुनंच आहे. मिरजेला विल्यम वॉन्लेस यांनी १८९४मध्ये हॉस्पिटल काढलं. अशा ठिकाणी उपचारांच्या जोडीला प्रार्थना असायचीच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चॅप्लेन्सीचं स्वतंत्र खातं आहे आणि सीपीईचं शिक्षणही मिळतं.

पण आपल्या सरकारी हॉस्पिटलांनी वेगळी वाट धरली. ते कॅबट आठवतात ना? त्यांनीच १९०५मध्ये बॉस्टनच्या आपल्या हॉस्पिटलात समाजसेविका नेमण्याची प्रथा सुरू केली होती. म्हणजे चॅप्लेनचं प्रशिक्षण आणि मेडिकल सोशल वर्क ही एका अर्थाने एकाच डॉक्टरने हात दिलेली भावंडं. त्यातलं एक भावंड मुंबईत आलं. १९३६मध्ये सुरू झालेली टाटांची समाजकार्याची शाळा, म्हणजे आजची टिस, आणि १९४६मध्ये जे. जे. हॉस्पिटलात नेमलेला देशातला पहिला मेडिकल सोशल वर्कर. तेव्हापासून हे पद आहे. सरकारी हॉस्पिटलात दारावर पाटी असते 'समाजसेवा अधीक्षक'. तुम्ही त्या दारात गेला असाल तर योजनेचा फॉर्म, रेशनकार्डाची झेरॉक्स किंवा बिलात सवलत यासाठीच. ते काम महत्त्वाचंच आहे, पैशाचं टेन्शन असताना मोक्षाच्या गप्पा कोण ऐकेल? पण दिवसभर फॉर्म भरणाऱ्या माणसाला खुर्ची ओढून बसायला वेळ कुठून मिळणार?

तो वेळ काढला तो हॉस्पिसवाल्यांनी. १९८६मध्ये टाटा मेमोरियलचे सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन सुरू केलं. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस. बरे न होणारे कॅन्सरचे पेशंट, पैसे न घेता. पुण्यात वारज्याला १९९७मध्ये सिप्लाचं केंद्र आलं. २०१२मध्ये टाटा मेमोरियलला पॅलिएटिव्ह मेडिसिनमध्ये एमडी सुरू झालं, देशात पहिल्यांदाच.

आणि थेट स्पिरिच्युअल केअर नावाचं खातं बघायचं तर मीरा रोडला जा. १९९८मध्ये सुरू झालेल्या भक्तिवेदान्त हॉस्पिटलात ते आहे. इस्कॉनच्या भक्तांच्या प्रेरणेतून उभं राहिलेलं हे हॉस्पिटल शरीर, मन आणि आत्मा या तिन्हींचे उपचार असं उघड सांगतं. एखाद्या हॉस्पिटलाने यासाठी माणसं ठेवली, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आता खरी मेख. हे काम एका धर्माच्या माणसांनी करायचं का? मिशन असो की मंदिर, हॉस्पिटलचा धर्म आणि पेशंटचा धर्म एकच असेल असं कुणी सांगितलंय? आपल्या एका जनरल वॉर्डात माळकरी आजोबा असतात, शेजारी त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या आजी, पलीकडे रमझानचा रोजा सोडायला तयार नसलेले डायबेटिसचे चाचा, आणि कोपऱ्यात 'देवबिव काही नाही, मला मुलाशी एकदा बोलायचंय' म्हणणारे काका. कुणाला अंगारा लावला तर बरं वाटेल, कुणाला तोच अपमान वाटेल. आणि अंथरुणावरचा माणूस उठून जाऊ शकत नाही. ज्याला दार उघडून निघून जाता येत नाही त्याला प्रवचन देणं ही माझ्या मते सेवा नाही, जबरदस्ती आहे. मग ते कितीही गोड आवाजात असो. चॅप्लेन्सी व्यवसाय झाली याचा अर्थ एवढाच, की तिथे ही गोष्ट नियमात आली. स्वतःचा धर्म पेशंटवर लादायचा नाही. त्याला स्वतःचे गुरुजी, मौलवी, भन्ते, फादर हवे असतील तर बोलावून द्यायचे, आणि कुणीच नको असेल तर तेही नोंदवायचं.

अमेरिकेतल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी नव्वदच्या दशकात यासाठी सोपे प्रश्न तयार केले. आपल्या भाषेत सांगायचे तर, तुम्हाला बळ कशातून मिळतं? या आजारपणात त्याचं स्थान काय? तुमची अशी माणसं कोण? आणि आम्ही त्यासाठी काय करावं? पाच मिनिटं पुरतात. अॅडमिशनच्या फॉर्मवर अॅलर्जीचा रकाना असतो, त्याच्याच खाली हे चार बसतील. आत्याला चौथा प्रश्न विचारला असता, तर पहिल्याच दिवशी उत्तर आलं असतं, माळ.

बोलण्याचं काम आपल्याकडे पद होऊच शकत नाही असं म्हणू नका. अवयवदानाच्या कायद्यात २०११च्या दुरुस्तीने प्रत्यारोपण करणाऱ्या हॉस्पिटलला ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटर सक्तीचा झाला. आयसीयूबाहेर, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट तासात, नातेवाइकांशी बोलणं हे त्याच्या कामाचं मर्म आहे. २०२१च्या आरोग्य व्यावसायिकांच्या केंद्रीय कायद्यात मेडिकल सोशल वर्करलाही जागा मिळाली. चॅप्लेनसारखं पद त्यात नाही. पण २०२०मध्ये, जेव्हा पीपीई किट घातलेल्या सिस्टर स्वतःचा मोबाइल पेशंटच्या कानाशी धरून घरच्यांचा आवाज ऐकवत होत्या, तेव्हा हे काम लागतं की नाही यावर वाद उरला नव्हता.

नोकरी सोडून उडी मारा असं मी सांगत नाहीये. करिअर म्हणून बघायचं तर आपल्याकडचा सरळ रस्ता एमएसडब्ल्यूचा. टिस, चर्चगेटजवळचं निर्मला निकेतन, पुण्याचं कर्वे समाजसेवा संस्था. शनिवार-रविवारचे स्वयंसेवक पॅलिएटिव्ह केअरच्या संस्थांना लागतातच. फक्त प्रशिक्षण देतात का, आणि नंतर तुमच्याशी कुणी बसून बोलतं का, हे आधी विचारा. दुसऱ्याचं ऐकून आलेल्यालाही कुणीतरी ऐकावं लागतं.

माझी एक कॉलेजमधली मैत्रीण, आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर, गेल्या वर्षापासून अशी घरभेटीला जाते. पहिला गृहपाठ तिला मिळाला तो असा, की पेशंटजवळ वीस मिनिटं बसायचं, सल्ला द्यायचा नाही, फोन बघायचा नाही, उशी नीट करायची नाही. "पहिल्या दिवशी मी अकराव्या मिनिटाला उशी नीट केली," ती म्हणाली. "आता पंचवीस होतात. पण त्या आजी अजून माझ्याशी बोललेल्या नाहीत. परवा निघताना फक्त म्हणाल्या, गुरुवारी येणार ना?"