साखळी-करवत : जुनी आणि नवी

जंगलात उभे झाड पाडणे, पडलेल्या खोडाचे ओंडके करणे, वादळाने रस्त्यावर आडवा झालेला वृक्ष दूर करणे, ही कामे आज जगात बहुतेक ठिकाणी साखळी-करवतीने केली जातात. लांबट पोलादी पात्याच्या कडेने धावणारी दातेरी साखळी आणि तिला फिरविणारे एक लहानसे पेट्रोल-इंजिन, एवढाच ह्या यंत्राचा संसार असतो. यंत्र लहान असले तरी त्याची घडण सतत बदलत आली आहे. एकाच नमुन्याची जुनी व नवी आवृत्ती शेजारी ठेवली, तर हा बदल कोठे व कशासाठी झाला हे नीट समजते.

जर्मनीत श्टुटगार्टजवळ वाईब्लिंगेन येथे श्टिल ही साखळी-करवती बनविणारी जुनी कंपनी आहे. तिच्या एमएस 361 व एमएस 362 ह्या दोन करवती तुलनेसाठी सोयीच्या आहेत. पहिली ह्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांतील. दुसरी 2010 च्या सुमारास तिच्या जागी आली. दोहोंच्या सिलिंडरचे आकारमान 59 घन सेंटिमीटर व शक्ती सुमारे साडेतीन किलोवॉट. वजनात मात्र विचित्र फरक आढळतो. पाते व साखळी वगळता जुनी करवत 5.6 किलोग्रॅम भरते, तर नवी प्रथम बाजारात आली तेव्हा 5.9 किलोग्रॅम होती. शक्ती जवळजवळ तेवढीच आणि वजन 300 ग्रॅमने अधिक! दिवसभर यंत्र हातात धरणाऱ्यास हे 300 ग्रॅम थोडे नव्हेत. मग सुधारणा ती कोणती, असा प्रश्न अनेक अनुभवी वनकामगारांनी केला असल्यास त्यात नवल नाही.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी थोडे मागे जावयास हवे. 1959 साली ह्याच कंपनीने काँट्रा नावाची करवत काढली. तिच्यातील दंतचक्रांची पेटी काढून टाकून इंजिनाची गती सरळ साखळीस दिलेली होती. तिची शक्ती 6 अश्वशक्ती व वजन सुमारे 12 किलोग्रॅम होते. त्या काळी हे यंत्र हलके गणले गेले, आणि तसे ते होतेही. परंतु इंजिन आणि कामगाराचा हात ह्यांच्यामध्ये काहीही मऊ नव्हते. इंजिनाचा प्रत्येक धक्का मुठींतून थेट बोटांत जाई. वर्षानुवर्षे असे काम करणाऱ्यांच्या बोटांतील रक्तवाहिन्या व मज्जातंतू बिघडत. थंडीत बोटे पांढरीफटक पडत, बधिर होत, आणि सदऱ्याचे बटण लावणेही कठीण जाई. हा विकार पुष्कळदा पुन्हा बरा होत नाही. जपानमध्ये त्याचा प्रादुर्भाव इतका आढळला की 1970 च्या सुमारास सरकारी जंगलांत साखळी-करवत दिवसाला दोन तासांहून अधिक चालवू नये, असे ठरविण्यात आले.

ह्यावर उपाय निघाला तो मुठी इंजिनापासून अलग करण्याचा. प्रथम मध्ये रबरी गाद्या बसविल्या गेल्या. 361 च्या आधीच्या 036 ह्या नमुन्यात त्याच होत्या. 361 मध्ये त्यांच्या जागी पोलादी स्प्रिंगा आल्या व हातांस जाणवणारा कंप आणखी घटला. पात्याचे टोक लाकडात अडकून करवत एकाएकी अंगावर उसळते, तेव्हा साखळीस निमिषार्धात थांबविणारा ब्रेकही 1970 नंतरच्या दशकात रूढ झाला होता. म्हणजे हातांची व अंगाची काळजी 361 पर्यंत बऱ्याच अंशी घेतली गेली होती. ह्या बाबतींत 361 व 362 ह्यांत मोठे अंतर नाही.

खरे अंतर सिलिंडरच्या आत आहे. ह्या दोन्ही करवतींची इंजिने द्विघाती आहेत, म्हणजे दट्ट्या एकदा वर व एकदा खाली गेला की एक स्फोट पुरा होतो. मोटारीच्या इंजिनात असतात तशा झडपा येथे नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील द्वारे दट्ट्याच उघडतो व झाकतो. पेट्रोल, वंगणतेल व हवा ह्यांचे मिश्रण प्रथम दट्ट्याखालच्या पेटीत येते. स्फोटानंतर दट्ट्या खाली उतरू लागला की आधी जळका वायू बाहेर टाकणारे द्वार उघडते आणि लगेच बाजूच्या वाटांनी खालचे ताजे मिश्रण वर चढते. जळक्या वायूस बाहेर ढकलण्याचे काम ह्या ताज्या मिश्रणालाच करावे लागते. घर झाडण्यासाठी केरसुणीऐवजी धान्याची पाटीच वापरावी, तसा हा प्रकार आहे. मिनिटाला 9,000 फेऱ्यांच्या वेगाने ही उलथापालथ सेकंदाला 150 वेळा होते. एवढ्या घाईत ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळताच जळक्या वायूबरोबर बाहेर निसटतो.

हे निसटलेले पेट्रोल व तेल दूर कोठे जात नाही. करवत छातीसमोर धरलेली असते आणि दर श्वासाबरोबर त्यातील काही अंश चालविणाऱ्याच्या फुप्फुसांत उतरतो. युरोपीय संघाने 2002 साली ह्या लहान इंजिनांसाठी नियम केले. 50 घन सेंटिमीटर व त्याहून मोठ्या हाती यंत्रांना पहिल्या टप्प्यात दर किलोवॉट-तासास 161 ग्रॅमपर्यंत हायड्रोकार्बने सोडण्याची मुभा होती. दुसऱ्या टप्प्यात हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे मिळून 72 ग्रॅमची मर्यादा आली. साडेतीन किलोवॉटची करवत तासभर पूर्ण जोराने चालली असे धरल्यास, पहिल्या नियमाने अर्ध्या किलोग्रॅमहून अधिक हायड्रोकार्बने सोडणे क्षम्य होते. दुसऱ्याने दोन्ही द्रव्ये मिळून फक्त पाव किलोग्रॅम. अमेरिकेतील मर्यादाही अशाच कडक झाल्या.

362 ची घडण ह्या गरजेतून झाली. तिच्यात शुद्ध हवेसाठी एक स्वतंत्र वाट ठेवली आहे. दट्ट्या वर जात असताना ही हवा बाजूच्या वाटांत शिरून बसते आणि पेट्रोलचे मिश्रण तिच्या मागे, खालच्या पेटीत थांबते. दट्ट्या खाली येताच सिलिंडरमध्ये पहिली शिरते ती नुसती हवा. जळका वायू तीच बाहेर लोटते, आणि घाईत काही निसटलेच तर मुख्यतः हवाच निसटते. झाडण्यासाठी आता केरसुणी आली! न जळलेली द्रव्ये पुष्कळ घटली आणि इंधनही वाचले. जुन्या पद्धतीच्या मानाने ही बचत पाचव्या हिश्शापर्यंत असल्याचे निर्माते सांगतात. ह्या जादा वाटांना व मोठ्या हवा-गाळणीला जागा द्यावी लागली. वजन वाढले त्याचे एक कारण हे होय. करवत गती घेण्यास किंचित मंद वाटते, अशी तक्रारही जुन्या हातांकडून होते. तरी धुरात उभ्या राहणाऱ्याच्या दृष्टीने पाहता हा सौदा तोट्याचा म्हणता येणार नाही. पुढे 362 च्या सुधारित आवृत्तीचे वजन पुन्हा 5.6 किलोग्रॅमवर आलेच.

त्या सुधारित आवृत्तीत आणखी एक फरक आहे. 361 च्या कार्ब्युरेटरवर मिश्रण कमीअधिक करण्याचे स्क्रू असतात. जाणता कामगार आवाज ऐकून ते फिरवितो. पेट्रोल फार कमी पडले तर इंजिन तापून दट्ट्या जाम होतो; फार अधिक झाले तर धूर वाढतो व जोर घटतो. खाली मैदानात नीट लावलेली करवत उंच डोंगरावर नेली की विरळ हवेमुळे पुन्हा बिघडते आणि स्क्रू फिरविणे आले. सुधारित 362 मध्ये हे स्क्रूच नाहीत. एक लहानसे विद्युत-यंत्र इंजिनाची गती पाहून पेट्रोलची झडप व ठिणगीची वेळ स्वतःच ठरविते. त्यास लागणारी वीज इंजिनाच्या फिरत्या चाकापासूनच मिळते, बॅटरी लागत नाही. मात्र ते बिघडल्यास तपासणीचे खास उपकरण असलेल्या कार्यशाळेत करवत न्यावी लागते. 361 चा स्क्रू जंगलातच, खिशातल्या पेचकसाने फिरविता येतो. त्यामुळे गावापासून दूर काम करणारे कित्येकजण अजूनही जुनी करवत सांभाळून ठेवतात.