तेरा अंकांचा नट

जबलपूरच्या रिछाईत लहान कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे आणि जवळच व्हेईकल फॅक्टरी. १९६९ साली उभ्या राहिलेल्या या फॅक्टरीतून लष्करासाठी शक्तिमान, जोंगा, स्टॅलियन आणि टाटांचे एलपीटीए अशा ट्रक-गाड्या बाहेर पडल्या. शक्तिमान मूळचा जर्मनीच्या मान कंपनीचा, जोंगा जपानच्या निस्सानची, स्टॅलियन अशोक लेलँडचा. म्हणजे एकाच फाटकातून निघालेल्या गाड्यांच्या सुट्या भागांना चार घरांचे पार्ट नंबर.

यातला घोळ डेपोत उघड होतो. एकच बेअरिंग दोन गाड्यांत असते, पण नंबर दोन असल्यामुळे ते दोन खणांत पडते. एक खण रिकामा होतो, गाडी उभी राहते; दुसऱ्या खणात तेच बेअरिंग धूळ खात असते. नवी खरेदी होते ती वेगळीच.

यावर उपाय म्हणून वस्तूलाच ओळखक्रमांक द्यायचा, मग ती कोणीही बनवो. दुसऱ्या महायुद्धातल्या गोंधळातून धडा घेऊन अमेरिकेने १९५२ साली त्यासाठी कायदा केला आणि पुढे नाटो देशांनी ती पद्धत उचलली. सुरुवातीला क्रमांक अकरा अंकी होता. १९७४ मध्ये देशाचे दोन अंक त्यात घालून तो तेरा अंकी झाला. भारत नाटोत नाही, पण ही पद्धत वापरतो. आपल्याकडे हे काम १९६२ साली स्थापन झालेल्या मानकीकरण संचालनालयाकडे आहे. जबलपूरलाही त्याचा कक्ष आहे.

पहिले चार अंक वर्गाचे. २३२० म्हणजे चाकांचे ट्रक, ३११० म्हणजे बेअरिंग, ५३०६ बोल्ट, ५३१० नट आणि वॉशर. पुढचे दोन देशाचे. भारताचे ७२, जर्मनीचे १२. इथे अनेकांची फसगत होते. ७२ पाहून माल भारतात बनला असे समजू नये. क्रमांक भारताने दिला, एवढाच त्याचा अर्थ. जर्मन आराखड्याचा भाग इथल्या कारखान्यात घडला तरी त्याच्या क्रमांकातला १२ कायम राहतो.

शेवटचे सात अंक मला सर्वांत शहाणपणाचे वाटतात, कारण त्यांना काहीच अर्थ नाही. इंजिनिअरला मोह होतो की क्रमांकातच व्यास, धातू, आटे कोंबावेत. पण उद्या नवा मिश्रधातू आला की अशी रचना मोडते. म्हणून माप-धातूची माहिती सूचीत ठेवायची आणि क्रमांक मुका ठेवायचा. दोन भागांचे आकार, बसणे आणि काम एकच ठरले, तर दोन्ही कंपन्यांचे पार्ट नंबर एकाच क्रमांकाखाली नोंदले जातात. हे ठरवायला कोणालातरी दोन्ही ड्रॉइंगे शेजारी ठेवून बसावे लागते, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

भंगारबाजारात लष्करी खोक्यावर असा क्रमांक दिसला तर पहिले चार आणि नंतरचे दोन अंक जरूर वाचा. उरलेल्या सातांत मात्र डोके घालू नका.